मात्रा

पवननगरच्या भाजीबाजारात शेवटची ताडपत्री उतरते
तेव्हा माझी सकाळ होते.
कानात हेडफोन, बशीत दुपारची थंड भजी,
आणि जॉर्जियातल्या कुठल्याशा तालुक्यात झालेली
मतदारयादीवरची सुनावणी : दोन तास चाळीस मिनिटं.
माझं काम, ते बोलले ते टाइप करणं.
कुणी खोकलं तर कंसात खोकला.
कळलं नाही तर कंसात अस्पष्ट.
मिनिटाला अकरा रुपये.
रडण्याचे वेगळे मिळत नाहीत.

सुमेध म्हणतो, ताई, तुला तिथले तालुके तोंडपाठ,
आपला नगरसेवक कोण, सांग बरं.
मी म्हणते, आहे का सध्या?
तो मोबाईल काढतो.
बराच वेळ काही बोलत नाही.

त्या रात्रीच्या फाइलमध्ये
माइकपाशी एक मुलगी आली. वय सतरा. नाव इमानी.
मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं,
आपलाच शब्द वाटला.
प्रत्येकाला तीन मिनिटं. समोरच्या पाच जणांचे
फक्त कागद ऐकू येत होते.
ती म्हणाली, माझ्या आईच्या आडनावात एक आडवी रेघ आहे.
तुमच्या यादीत ती नाही.
आई सात तास रांगेत उभी राहिली
आणि दारातला माणूस म्हणाला, या बाई तुम्ही नव्हेत.
म्हणाली, मला अजून मत नाही,
म्हणून मी नुसतं मोजते आहे. सात तास, एक रेघ.
मग घंटा वाजली.
माइक बंद.

पण ती बोलतच होती, खुर्च्यांच्या खरखरीत, लांबून.
मी आवाज वाढवला. नऊ वेळा मागे गेले.
ती सभेशी बोलत नव्हतीच.
म्हणत होती, आई, बूट घाल. आपण उद्या परत येऊ.
मी ते टाइप केलं.
सकाळी फिरोज सरांचा मेसेज :
माइक बंद झाल्यानंतरचं क्लायंटला नको.
बावीस रुपये कापले.

रविवारी मनपा शाळेच्या भिंतीवर आमची यादी लागली.
अठरा पूर्ण झाल्यावर भरलेला पहिला फॉर्म,
बोट फिरवत फिरवत खाली आले :
पगार, प्रणोती.
पगार.
डोक्यावरची मात्रा गेली
आणि मी दुसऱ्याच घरात जन्मले.

एवढ्याशा मात्रेनं काय होतंय, मॅडम,
टेबलामागचे साहेब म्हणाले,
पगार तर सगळ्यांनाच हवा असतो.
मागची रांग हसली. मीही हसले, सवयीनं.
मग म्हटलं,
माझ्या पणजोबांना काळारामाच्या दाराशी अडवलं तेव्हा
आडनाव नीट विचारून घेतलं होतं.
मात्रेसकट.

पुढे काय बोलले ते सगळं आठवत नाही.
पंखा कुरकुरत होता, कुणाचं तरी बाळ रडत होतं.
एवढं माहीत आहे की आवाज चढला नाही,
तारखा बरोबर होत्या, फॉर्मचा क्रमांक बरोबर होता,
आणि घंटा वाजायची मी वाट बघत होते.
वाजली नाही.
इथे घंटाच नव्हती.
साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.
म्हणाले, फॉर्म आठ भरा.

मागच्या पोरानं हळूच विचारलं,
ताई, असं बोलायला कुठे शिकलात?
म्हटलं, नोकरीत.
कसली?
ऐकायची.

पोच मागितली. पोच मिळाली. शिक्का ओला होता,
फुंकर मारत पायऱ्या उतरले.
पप्पांनी गेटापाशी स्कूटर चालू ठेवली होती,
एक पाय जमिनीवर, तोंडात बडीशेप.
झालं? त्यांनी विचारलं.
मी कागद उन्हात धरला.
पगारे. मात्रा होती,
चांगली ठळक, जागच्या जागी.
त्याच्या पुढे लिहिलं होतं,
प्रणिती.

पप्पा, म्हटलं, गाडी बंद करा.